शिवेवरची सम

“पाय उचल सगुणे. तो माणूस शिवेवर माझ्याआधी पोचला, तर गेनबा वाशिवले त्याच्याकडं चालत गेला असं होईल.”

“आणि आपण आधी पोचलो तर, आप्पा?”

आप्पा जागीच थांबले. डोईवरचं गाठोडं त्यांनी एका हातानं सावरलं आणि विचार केला. “तर गेनबा त्याची वाट बघत बसला होता, असं होईल.” मग पडेल आवाजात म्हणाले, “हळूच चाल.”

अशी आमची चाल चालली होती. जांभळीच्या राईत भराभर, आणि राई सरून धरणाचं पाणी दिसलं की रेंगाळत. माझ्या खांद्याशी चार महिन्यांची लेक. तिचं नाव अजून ठेवायचं होतं. बारसं सासरी व्हायचं, म्हणून माहेरी सगळे तिला ठकीच म्हणत. आप्पांच्या डोक्यावरच्या गाठोड्यात बाळंतविडा, डिंकाचे लाडू, आणि आईनं रडत रडत शिवलेली कुंची. आई वेशीपाशीच थांबली होती. येताना आप्पांनी तिला बजावलं होतं, “पोरीला शिवेपर्यंत सोडतो. तिथून पुढं न्यायचं त्यानं. त्यानं आधी हात जोडले तर. नाही जोडले तर पोरगी परत आणतो, आणि मग ती इथंच.”

पलीकडे कातवलीत माझ्या सासऱ्यांनीही तशीच भाषा केली होती, हे आम्हाला दूधवाल्याकडून कळलं होतं. “गेनबानं आधी हात जोडले तर सून घरात. नाहीतर चैत्री पुनवेनंतर तिनं बापाच्याच घरी नांदावं.”

माझे मालक एस.टी.त कंडक्टर होते, स्वारगेट डेपोला. ते म्हणाले होते, “दोघं म्हातारे काय करायचं ते करूदेत, तू ये.” पण बापासमोर त्यांची घंटी कधी वाजली नाही.

आता त्या वाटेवर पाटी लावली आहे. पुण्याकडची मंडळी रविवारी टोप्या घालून, हातात काठ्या घेऊन येतात. पाटीवर लिहिलंय, ‘तलावाकाठची सोपी पायवाट. चढ नाही. लहान मुलांसह चालता येईल.’ पाटी लिहिणाऱ्याचं काही चुकलेलं नाही. चढ खरोखरच नाही. शिरवाडीहून निघालं की आधी राई, मग पाण्याच्या कडेनं ऐनाचं रान, आणि मग मधोमध कुरण. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि त्याच्या पोटाखालचा गाळ उघडा पडतो. सगळा मुलूख करपलेला असला तरी त्या गाळावर हिरवंगार गवत उगवतं. कुरणात दोन्ही गावांची शीव. तिथं शेंदूर फासलेला म्हसोबाचा धोंडा आणि एक जुना उंबर. मी पोर असताना ह्याच वाटेनं कातवलीच्या सप्ताहाला धावत जायची, टाळ काखेत मारून.

“ऐकतेस का?” आप्पा म्हणाले. ऐनाच्या झाडावर तांबट पक्षी टुक टुक करत होता. “ते पाखरू बघ. सकाळपासून वाजवतंय. लय इकडची तिकडं नाही. नाहीतर आमचे व्याही!”

“आप्पा, पुरे ना.”

“पुरे कसं? चुकली कुणाची?”

ह्या प्रश्नाला उत्तर देणारं माणूस दोन्ही गावांत उरलं नव्हतं.

आप्पा आमच्या खोऱ्यातले गायक. कीर्तनात बुवांच्या मागं उभं राहून चाल लावायची ती आप्पांनीच. आणि माझे सासरे, रखमाजी ढमाले, मी त्यांना मामंजी म्हणायची, ते पखवाजी. लहानपणापासून दोघं एकत्र. एकाच महाराजांच्या हातून एकाच दिवशी दोघांनी तुळशीची माळ घेतलेली. त्यांच्या गाण्या-वाजवण्यावरच तर माझं लग्न ठरलं. मध्यंतराला चहा पिताना मामंजी म्हणाले होते, “गेनबा, तुझी पोरगी टाळ बरा धरते. आमच्याकडं देऊन टाक.” झालं, सुपारी फुटली.

आणि मग तो कार्तिकातला सप्ताह. मी पोटुशी, बायकांत मांडी मोडून बसलेली. कीर्तन असं रंगलं होतं की माझ्या पोटातली सुद्धा पाय हलवत होती. आप्पांनी चाल उचलली, आवाज वर नेला, तिथं फिरवला, आणि खाली येताना सम गेली. सम म्हणजे तालाचं पहिलं पाऊल. गाणाऱ्याचा शब्द आणि वाजवणाऱ्याची थाप तिथं एकदम पडायला हवी. त्या दिवशी शब्द एकीकडे पडला आणि थाप दुसरीकडे.

एवढ्यानं काय झालं असतं? माणसं आहेत, चुकतात. पण आप्पांनी मान मागं वळवली आणि ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, “रखमाजी, पखवाज वाजवतोयस का म्हशीला थापा मारतोयस?”

सगळा मांडव हसला.

मामंजी हसले नाहीत. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापलेली असते, तिच्यानंच त्या अंगाचा घुमारा निघतो. कीर्तन संपलं की ती खरवडून गाईला घालतात. मामंजींनी कीर्तन चालू असताना ती नखानं खरवडली, तिचा गोळा केला, उठून आप्पांच्या पायाशी ठेवला. “घे. भाकरी थाप. तेवढंच जमेल तुला.” आणि मांडवातून निघून गेले. बुवांनी उरलेलं कीर्तन नुसत्या टाळांवर पुरं केलं.

तेव्हापासून दोघांचं रामकृष्णहरी बंद. माळकऱ्याला माळकरी भेटला की दोघांनी वाकायचं, एकमेकांच्या पायाला हात लावायचा, रामकृष्णहरी म्हणायचं. ह्याला वय नाही, जात नाही, व्याही-विहीण नाही. हे दोघं मात्र एकमेकांना पाहून वाट बदलू लागले. बाळ झालं तेव्हाही मामंजी आले नाहीत. सासूबाईंनी गुडघे धरून येऊन तान्हीला काजळ लावलं आणि पदर डोळ्यांना लावत परत गेल्या.

कुरण दिसू लागलं तसे आप्पा करवंदीच्या जाळीआड शिरले. “इथं बस. तो आलेला दिसला की निघू. मग दोघं बरोबरच पोचू.”

आम्ही बसलो. उन्हं चढत होती. शिवेवर कोणी नव्हतं. उंबराखाली म्हसोबा एकटा, दोन म्हशी पाण्यात, आणि त्यांच्या पाठीवर बगळे. बराच वेळ गेला. आप्पा जाळीतून मान काढून बघत आणि पुटपुटत, “येणार नाही तो. भ्यालाय.”

ठकीला भूक लागली. ती रडू लागली.

तेवढ्यात पलीकडच्या दुसऱ्या जाळीतून आवाज आला. “सगुणा, लेकरू का रडतंय?”

आप्पांचा चेहरा असा झाला, की इतक्या वर्षांनी सांगतानाही मला हसू येतं. मामंजी आमच्याआधीपासून तिथं दडून बसले होते. दोघंही म्हातारे एकमेकांच्या आधी न पोचण्यासाठी दोन जाळ्यांत उन्हं खात बसलेले.

आता लपून उपयोग नव्हता. दोघं बाहेर आले. अंगाला काटे, धोतराला कुसळं. आप्पा शिवेच्या अलीकडे उभे राहिले, मामंजी पलीकडे, आणि म्हसोबाच्या धोंड्यापाशी मी.

हात कोणी जोडले नाहीत.

“सगुणा,” मामंजी माझ्याकडं बघत म्हणाले, “तुझ्या बापाला विचार, माळकऱ्याला माळकरी भेटला की आधी काय करतात?”

“सगुणे,” आप्पाही माझ्याकडंच बघत म्हणाले, “तुझ्या मामंजींना सांग, धाकट्यानं थोरल्याला आधी वाकायचं असतं.”

“थोरला कोण, ते विचार.”

“मी. साथीच्या सालातला.”

“मीपण साथीच्या सालातलाच. उन्हाळ्यातला.”

“साथ उन्हाळ्याच्या आधीच सरली होती. म्हणजे हे साथीच्या सालातलेच नव्हेत, सांग त्यांना.”

“मामंजी, आप्पा,” मी म्हटलं, “पोरीला ऊन लागतंय हो.”

“मग तुझ्या बापाला म्हणावं, दोन हात आहेत ना? जोडायला किती वेळ लागतो?”

“ज्यांनी कणीक टाकली त्यांनी आधी जोडावेत.”

“ज्यांनी म्हशी काढल्या त्यांनी आधी जोडावेत.”

माझ्या मनात आलं, देवा, ह्या दोघांनी आयुष्यभर किती कीर्तनं ऐकली! दया, क्षमा, शांती सगळं पाठ आहे. आणि त्यातलं एक अक्षर ह्या कुरणापर्यंत चालत आलं नाही.

आप्पांनी गाठोडं उचललं. “चल सगुणे. झालं. माझी पोर मला जड नाही.”

“आप्पा!”

“चल म्हणतो ना.” त्यांनी ठकीला माझ्याकडून घेतलं. मला ओढत नेता आलं नसतं, पण तान्ही त्यांच्या खांद्याशी असली की मी मागोमाग येणारच, हे त्यांना ठाऊक होतं.

मामंजींचा आवाज पहिल्यांदा चढला, आणि पहिल्यांदाच तो माझ्या तोंडून न जाता थेट आप्पांवर गेला. “गेनबा! पोरगी तुझी आहे, तिला खुशाल ने. लेकरू ढमाल्यांचं आहे. लेकरू ठेव.”

चार महिने मी ह्या वाटेकडं डोळे लावून बसले होते. घरी जायचं, चूल पेटवायची, मालकांच्या डब्याला भाकरी करायची, एवढंच. आणि इथं मला दोन्हीकडून वजा केलं होतं. बाप म्हणतो मागं चल, सासरा म्हणतो तू जा, लेकरू ठेव.

“हात तर लावून बघ लेकराला!” आप्पा ओरडले.

मामंजींनी शीव ओलांडली. एका पावलात ओलांडली, आणि ठकीला काखेत धरून आपल्याकडं ओढलं. आप्पांनी तिचे पाय सोडले नाहीत. मी मधे शिरले, किंचाळले. तान्हीनं घाबरून हाताला लागेल ते घट्ट धरलं. हाताला आप्पांची माळ लागली.

सुटकन आवाज झाला.

तुळशीचे मणी गवतात सांडले. काही आप्पांच्या पायाशी, काही शिवेपलीकडं, काही उताराला लागून पाण्याच्या बाजूला गेले. तिघंही जागच्या जागी थिजलो. ठकी रडायची थांबली. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं असावं.

आप्पांनी गळ्याला हात लावला. त्या गळ्यावर माळेचा एक फिकट पट्टा होता, इतक्या वर्षांत ऊन न लागलेला. तो मी पहिल्यांदा बघत होते.

मामंजींनी ठकीला माझ्या हातात दिलं. पण जिभेला हाड नसतं. “मिटलं मग,” ते म्हणाले. “आता तू माळकरीच नाहीस, गेनबा. आता कुणी कुणाला हात जोडायला नको.”

आप्पा गुडघ्यांवर बसले आणि गवत चाचपू लागले.

पोरीला मी घाईघाईनं पाजलं, उंबराच्या फांदीला झोळी बांधून निजवलं आणि आप्पांच्या शेजारी बसले. हिरव्या गवतात तुळशीचा मणी शोधणं म्हणजे काय, ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. करड्या मातीत करडे मणी, बकऱ्यांच्या लेंड्या, उंबराची वाळकी फळं, सगळं एकासारखं एक. आप्पा एकेक मणी फुंकून, डोळ्यांशी नेऊन, रुमालात ठेवत होते. पलीकडचे काही मणी इथूनही दिसत होते. आप्पांचा हात शिवेपर्यंत जाई आणि थांबे.

“पलीकडचे आमच्या हद्दीत आहेत,” मामंजी उंबराला टेकून म्हणाले.

“राहूदेत.”

“माळ पुरी कशी व्हायची?”

“नाही झाली तर नाही.”

मामंजींनी डोक्याचा पटका काढून बाजूला ठेवला आणि गवतात बसले. “सगुणा, तुझ्या बापाला सांग, आमच्या हद्दीत पडलेली वस्तू आम्ही उचलून देतो. उपकार नाहीत. उद्या म्हणायला नको, ढमाल्यांनी मणी ठेवून घेतले.” एकेक मणी सापडला की ते हात लांब करून म्हसोबाच्या धोंड्यावर ठेवत, आणि आप्पा इकडून उचलत. देवच मधला दलाल झाला होता.

ऊन माथ्यावर आलं. पाणी आमच्यापासून हाकेवर चमकत होतं, म्हशी मजेत पोहत होत्या. आप्पांचे ओठ पांढरे पडले होते. मी लोटा भरून आणला.

“आप्पा, दोन घोट घ्या.”

त्यांनी मान हलवली. गळ्यात माळ नसताना माळकरी अन्न घेत नाही, पाणी घेत नाही. मला हे ठाऊक होतं, तरी मी म्हटलं, “जीव जाईल अशानं. देव काय रागावणार आहे का?”

“देव नाही रागावणार,” आप्पा म्हणाले. “पण तो बघतोय.” आणि हनुवटीनं शिवेपलीकडं दाखवलं.

मामंजींनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा लाल झाला. “अरे पी की गाढवा! मी तोंड फिरवून बसतो.” ते खरोखरच पाठ करून बसले. “घे, आता पी.”

“तुझी पाठपण तुझ्यासारखीच आहे. चुगलखोर.”

“मर मग!”

“मरतो! तुझ्याच शिवेवर मरतो, म्हणजे सुतक दोन्ही घरांना.”

एवढं बोलून आप्पा पुढच्या मण्याकडं वाकले आणि तसेच कलंडले. मी धावले. मामंजीही धावले. आप्पांना उंबराच्या सावलीत ओढून आणलं तेव्हा ती सावली कुठल्या गावाची, हे कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही. मी त्यांच्या टाळूला, डोळ्यांना पाणी लावलं. ते शुद्धीवर होते, पण ओठ मात्र त्यांनी गच्च मिटून घेतले होते, एखादा थेंब चोरून आत जाईल म्हणून.

“दोरा दे,” मामंजी मला म्हणाले. “सगळे मणी मिळालेत बहुतेक. ओवून ह्याच्या गळ्यात घालू, म्हणजे पिईल तरी.”

दोरा कुठला? मी लुगड्याच्या काठातून सुताचे धागे उसवले. मामंजींनी ते मांडीवर घेऊन तळहातानं वळले. पखवाजाच्या चामडी वाद्या ताणण्यात ज्यांचा जन्म गेला ती बोटं, बघता बघता धाग्याला पीळ बसला. मग ते मणी ओवू लागले. प्रत्येक मण्याला ओठ हलत होते. एरवी त्या ओठांवर तालाचे बोल असायचे. त्या दिवशी काय होतं, ते मी विचारलं नाही.

शेवटचा मणी ओवून त्यांनी रुमाल झटकला. “मेरू कुठाय?”

मेरू म्हणजे माळेचा मुख्य मणी, सगळ्यांत मोठा. त्याच्यावरच माळेची गाठ बसते. मेरूवाचून नुसती ती मण्यांची सर, माळ नव्हे. आम्ही पुन्हा गवतात बसलो. दुपार कलली. पाण्यावरून वारा सुटला, आणि मला आठवलं की दिवस बुडायच्या आत तान्हीनं शीव ओलांडायला हवी. तिन्हीसांजेनंतर अंगावरच्या पोराला शिवेवरून नेत नाहीत. आज नाही, तर मग मामंजींनी घातलेली चैत्री पुनवेची मुदत उलटणार.

“पाण्यात गेला असेल,” मामंजी म्हणाले. ह्या वेळी त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

आप्पांनी डोळे मिटून घेतले.

झोळीत ठकी कुरकुरू लागली. तिला पाजायला घेतलं. तिची एक मूठ माझ्या छातीवर उघडझाप करत होती, दुसरी मात्र बंद. मी सहज ती सोडवायला गेले, तर सुटेना. बोटांच्या फटीतून काहीतरी करडं दिसलं.

“मामंजी,” मी म्हटलं. ठकीची मूठ पुढं धरली.

दोघंही सरकत जवळ आले. आप्पा तर रांगतच. ठकीनं सकाळी जे धरलं होतं ते सोडलंच नव्हतं. आख्खा दिवस दोन म्हातारे गवत उपटत होते, आणि मेरू त्यांच्या डोक्यावर झोळीत झुलत होता.

मामंजींनी अलगद तिची बोटं उलगडली. मणी घामानं ओला झाला होता. त्यांनी तो ओवला, गाठ मारली, दातानं दोरा तोडला. माळ दोन्ही हातांत धरून ते आप्पांपुढं बसले. आणि तिथंच पुन्हा सगळं अडलं.

कारण माळ ज्याच्या हातून घ्यायची, त्याच्या पायावर डोकं ठेवावं लागतं.

मामंजींना ते सुचलं नव्हतं. आप्पांच्या डोळ्यांत बघितल्यावर सुचलं. त्यांनी माळ मागं घेतली नाही, पण मान ताठ झाली. आप्पांचीही.

“तुझ्या हातून नाही,” आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

“इथं दुसरा माळकरी आहे का कोणी? म्हसोबा घालणार आहे?”

“तुझ्या हातून नाही, रखमाजी. मेलो तरी.”

मामंजींनी माळ माझ्या मांडीवर टाकली आणि उठून उभे राहिले. उन्हं पाण्याला टेकायला आली होती. मी एकदा बापाच्या सुकलेल्या ओठांकडं बघितलं, एकदा कातवलीच्या वाटेकडं, आणि मला रडू फुटलं. मी देवाला काही मागितलं नाही. टाळ धरताना मागत नाही, तशीच नुसती बसले.

आप्पांनीच डोळे पुसले, माझे नाही, स्वतःचे. “मेरू कुणाच्या हातात होता?” त्यांनी विचारलं.

“ठकीच्या.”

“मग माळ तिची. तिच्या हातून घेतो. तिला पाया पडायला मला कसली लाज?”

“तिला बसता कुठं येतंय?” मामंजी म्हणाले.

“तुला लेकरू धरता येतं का नाही, का तेही मीच शिकवू?”

मामंजींनी ठकीला माझ्याकडून घेतलं. मांडी घालून बसले, तिला छातीशी टेकवून बसवलं, माळ तिच्या दोन्ही मुठींत दिली आणि आपल्या पंजांनी त्या मुठी धरल्या. आप्पा पुढं सरकले. खाली वाकले. माळ गळ्यात पडली. त्यांचं डोकं ठकीच्या इवल्या पावलांवर टेकलं. ती पावलं मामंजींच्या मांडीवर होती. म्हणजे टेकलं कुठं, ते तुम्हीच बघा. मामंजींना पाठीमागं सरकता येईना, हातात लेकरू. त्यांची मान आपोआप खाली झुकली, आणि कपाळ आप्पांच्या पाठीला लागलं.

“रामकृष्णहरी.”

शब्द एक, आवाज दोन. पाण्यावरचे बगळे उठले.

आप्पा उठले ते थेट पाण्याकडं गेले. ओंजळीनं पाणी प्यायले, म्हशींच्या शेजारी, किती प्यायले ते देव जाणे. परत आले नाहीत. तिथूनच हात हलवला आणि शिरवाडीच्या वाटेला लागले. मामंजींनी गाठोडं डोईवर घेतलं. “चल सगुणा, उन्हं गेली.” मी शीव ओलांडली.

वाटेत ते एकदाच बोलले. “तुझा बाप आधी म्हणाला. ऐकलंस ना?”

दुसऱ्या आठवड्यात दूधवाल्याकडून आप्पांचा निरोप आला. ‘रखमाजी आधी म्हणाला, सगुणेला विचारा.’ झालं, नवं भांडण सुरू. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, ठकीचं बारसं झालं, आप्पा बारशाला आले आणि कोपऱ्यात बसून जेवून गेले. दोघंही चारचौघांत मला साक्षीला ओढायचे. “सांग, कोण आधी?” मी म्हणायची, “मला नाही आठवत बाई.” सासूबाई म्हणायच्या, “तुला आठवतंय. तुझ्या तोंडावर दिसतंय.”

मग कार्तिक आला. सप्ताह कातवलीतच होता. बुवा उभे राहिले, आप्पा मागं येऊन उभे राहिले, आणि पखवाजाची जागा रिकामी. मांडवात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात मामंजी खांद्यावर पखवाज घेऊन आले, खाली बसले, आणि आप्पांकडं न बघता बायकांच्या बाजूला हाक मारली.

“सगुणा! कणीक मळून आण. आणि तुझ्या बापाला सांग, शिवेवर धरली होती तशी सम धर म्हणावं.”

आप्पा समोर बघत होते. टाळ त्यांनी छातीशी घेतले होते.

“सगुणे,” ते म्हणाले, “तुझ्या मामंजींना सांग, शिवेवर कुणी धरली नव्हती. पडली होती.”

मी ठकीला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि कणीक मळायला घेतली. जरा घट्टच मळली, नखानं निघणार नाही अशी.